स्वयंपाकघरातून ऐकलेली चाल

सईनं बँजोची खुंटी पिळली तशी तिची आई, कादंबरी, खुर्चीतून अर्धी उठली.

"अरे, लागलेली तार का उतरवतेय ही?"

"बस ना," तिच्या नवऱ्यानं, सिद्धेशनं, कॅमकॉर्डरवरचा डोळा न काढता तिला मनगट धरून खाली ओढलं. "बँजो आहे तो. बोर्डाचा पेपर नाही."

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमधल्या त्या छोट्याशा हॉलमध्ये शनिवारी दुपारी तिथल्या जुन्या लोकचाली वाजवणारे गोल करून बसत. ज्याची पाळी, त्यानं एकट्यानं चाल सुरू करायची, मग बाकीचे मिळणार. आज नऊ वर्षांच्या सईची पहिली पाळी होती. समोर स्टँडवर कादंबरीच्या सुवाच्य अक्षरातलं नोटेशन.

त्या कागदापायी दोन आठवडे घर डोक्यावर घेतलं होतं तिनं. सईचे मास्तर वॉल्टर टॅब द्यायचे. पाच तारांच्या पाच रेघा आणि त्यांवर नुसते आकडे, म्हणजे कुठल्या तारेवर कितव्या पडद्यापाशी बोट ठेवायचं तेवढंच. पेटीवर विशारद झालेल्या कादंबरीला हे बघवेना.

"स्वर कुठेत यात? उद्या शाळेच्या ऑर्केस्ट्रात विचारलं तर काय सांगशील, तिसऱ्या घरात बोट ठेवते म्हणून?"

"ओके, आई," सई म्हणाली होती.

मग कादंबरीनं लायब्ररीतून पुस्तक आणून आधी स्वतः पाश्चात्त्य नोटेशन शिकून घेतलं आणि आकड्याआकड्याचा स्वर काढून अख्खी चाल उतरवली. सई समोर बसून ती वाजवायची, पण प्रत्येक वळणावर काहीतरी आंबट लागायचं. यांच्या चाली अशाच असणार, असं म्हणून कादंबरी फोडणीला आत जायची. आत गेली की बाहेरून खुंट्यांची कुरकुर आणि मग भलतीच गोड चाल ऐकू यायची.

"सई, टाइमपास नको! आधी आपली चाल घे!"

की पुन्हा ती आंबट.

आत्ता सईनं बँजोवर कान टेकवला, एक तार उतरवली, दुसरी किंचित चढवली. स्टँडकडे पाहिलंही नाही. आणि सुरू केलं.

"ही तर तू किचनमध्ये गेलीस की वाजवते ती," सिद्धेश पुटपुटला.

कादंबरीनं पर्समधून वॉल्टरचा मूळ कागद काढला. वरच्या कोपऱ्यात पाच बारीक अक्षरं होती. सगळ्या कागदांवर असतात तशीच, तारांची नावं, असं धरून ती पुढं गेली होती. पण इथं दोन अक्षरं वेगळी होती. या चालीला दोन तारा वेगळ्या लावायच्या होत्या. तिनं नेहमीच्या तारा धरून स्वर काढले होते.

मालकंस रागाला तंबोऱ्याची पंचमाची तार मध्यमात आणायची, हे आपल्या संगीताच्या क्लासमधल्या मुलींना तीच तर सांगायची.

दुसऱ्या फेरीला फिडल मिळालं, मग गिटार, मग पायांचा ठेका. सईनं मान वर केली नाही. चाल संपल्यावरच तिनं आईकडे पाहिलं, जरा भीतभीतच.

"ब्यूटिफुल!" वॉल्टर म्हणाले. "पण तारा इतक्या नेमक्या लावायला कोणी शिकवलं तुला? मी कागदावर लिहून देतो फक्त. वर्गात अजून मीच लावून देतो सगळ्यांच्या."

"माय मॉम," सई म्हणाली. "रोज सकाळी तंबोऱ्याच्या मशीनवर सा लावायला लावते. जरा खाली गेला तर ब्रेकफास्टच नाही!"

हॉलभर हसू पसरलं, माना वळल्या. हे तसं नाहीये, मी तर तिला चुकीचं लिहून दिलं होतं, असं सांगायला कादंबरीनं हात वर केला. सई अजून तिच्याकडेच पाहत होती. तोच हात तिनं दुसऱ्या हातावर आपटला आणि सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवल्या.

सिद्धेशनं कॅमेरा तिच्याकडे वळवला.

"इकडे काय?" तिनं ओढणीनं नाक पुसलं. "तिला घे. खुंट्यांवरचा हात नीट येऊ दे."