दारावर न लिहिलेली पैंजणं

मित्रांनो, हुपरीच्या सोमशेखर अण्णांच्या चांदीच्या पैंजणांची जुनी वेबसाइट ती मीच. मला ना हात ना पाय, तरी एकदा माझ्यापायी शांतव्वांच्या हातचं काम गेलं होतं.

२००१ साली कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका खोलीत वेबसाइट बनवणाऱ्या क्रांतीनं मला घडवलं. मी अगदी साधी होते. एकच लांबलचक पान, त्यावर प्रत्येक पैंजणाचं नाव, वजन आणि फोटो. फोटो दिसेपर्यंत माणूस चहा पिऊन येई. पण सर्च इंजिनाचा शोधक, म्हणजे जगभरची पानं वाचत हिंडणारा प्रोग्रॅम, मला वाचून जाई आणि लोकांना माझा पत्ता सांगे. नागपूर, हुबळीहून मागण्या येऊ लागल्या. हुपरीत अण्णांच्या शेजारच्या शांतव्वा घरी बसून त्यांच्या पैंजणांच्या कड्या जोडत. त्यांचं घर त्यावरच चाले.

२००६ मध्ये अण्णांना मी गावंढळ वाटू लागले. त्यांच्या पेढीची रीत अशी, की पाहुणा बैठकीवर टेकून चहा झाल्याशिवाय कपाटातून पैंजणांचं ताट काढायचं नाही. उघड्यावरची नक्षी दुसरा कारागीर उचलतो, असं ते म्हणत. मलाही तीच रीत लावा, असं त्यांनी क्रांतीला सांगितलं. तिनं माझ्या दारात, म्हणजे पहिल्या पानावर, नुसतं एक देखणं चित्र ठेवलं. बटण दाबलं, की पान न बदलता पैंजणं झर्रकन हजर. बघणारे वाहवा करू लागले आणि मला आकाश ठेंगणं झालं.

शोधक मात्र अजब पाहुणा. तो बसत नाही, चहा घेत नाही, बटण दाबत नाही. दारात लिहिलेलं वाचतो आणि पुढे जातो. माझ्या दारात एक अक्षर नव्हतं. चार महिन्यांत मी लोकांना सापडेनाशी झाले. बाहेरगावच्या मागण्या आटल्या, कड्यांचं काम थांबलं, आणि शांतव्वांनी शिरोली एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला जायचं ठरवलं. मला फार वाईट वाटलं, पण सांगते कुणाला?

त्या निरोप घ्यायला आल्या, तेव्हा शोधकाला दारात लिहिलेलंच दिसतं, हे क्रांती अण्णांना समजावत होती. अण्णा हटून बसले होते.

"अक्का, नक्षी उघड्यावर मांडायची न्हाय," ते शांतव्वांना म्हणाले.

"ताट ऱ्हाऊ दे की कपाटात," शांतव्वा म्हणाल्या. "पर आत काय हाय, ते दारावर लिवायला काय हुतंय?"

 अण्णा क्रांतीला "लिव" एवढंच म्हणाले.

क्रांतीनं प्रत्येक पैंजणाला स्वतंत्र पान आणि पत्ता दिला. नाव, वजन, घडण बटण न दाबताही दिसेल अशी लिहिलेली. नक्षीचा मोठा फोटो तेवढा बटणामागे. एका पैंजणाला पेढीत 'शांतव्वाची दुहेरी कडी' म्हणत. ते नाव पहिल्यांदाच कुठंतरी लिहिलं गेलं.

शांतव्वा तोवर पॅकिंगला जाऊ लागल्या होत्या. दोन महिन्यांनी नाशिकच्या एका बाईंचा फोन आला. माझ्या पानावरचं तेच नाव सांगून त्यांनी बारा जोड मागितले. अण्णांनी शांतव्वांना बोलावून ते सांगितलं.  पदराला हात पुसून त्यांनी कड्यांचा डबा मागितला.

मित्रांनो, आज माझ्याकडे फारसं कुणी फिरकत नाही. तुम्ही माझ्यासारखी दुसरी कुणी बनवाल, तेव्हा तिला खुशाल नटवा, चपळ करा. फक्त दारावरचं नाव पुसू नका. आत कुणीतरी कड्या जोडत बसलेलं असतं.