ओळखीतला पार्ट

थोरल्या साडूंनी उभी हयात दुरुस्तीखात्यात काढली. खातं बंद पडलं तेव्हा त्यांनी आणि त्याच खात्यातल्या धाकट्या साडूंनी एकेक जुना ऑसिलोस्कोप घरी आणला. विजेची लाट पडद्यावर हिरव्या रेघेत दाखवणारा हा पेटारा घरात कशाला हवा, हा प्रश्न फक्त त्यांच्या बायकांना, म्हणजे दोघी बहिणींना पडला.

आता दोन्ही पेटारे बंद होते. थोरल्यांची पिक्चर ट्यूब गेली होती, धाकट्यांचा ट्रान्सफॉर्मर जळला होता. नवे पार्ट कुठेच मिळेनात. थोरल्यांनी जुन्या टीव्हीची ट्यूब बसवायचा घाट घातला, तेव्हा घरातले दिवे तेवढे गेले.

"दोन मिळून एक करा की," थोरली बहीण म्हणाली.

"आणि ठेवायचा कुणाच्या घरी?" दोन्ही साडूंनी एका सुरात विचारलं.

तिथेच घोडं अडलं. शेवटी बहिणींनी निकाल दिला: भाचीचं लग्न होऊ दे, दुसऱ्या दिवशी भंगारवाला येणार. चालू असेल तोच पेटारा राहील.

 थोरल्यांना ती रेघ पुन्हा एकदा थरथरताना बघायची होती, एवढीच त्यांची हौस उरली होती.

लग्नाच्या हॉलवर ते पिशवी घेऊनच गेले. धाकट्यांच्या घराची जादा किल्ली नेहमी त्यांच्याकडे असायची. "डोकं दुखतंय" म्हणून ते सटकले, धाकट्यांच्या पेटाऱ्यातली चांगली ट्यूब काढली, तिच्या जागी आपली मेलेली बसवली आणि फोटोच्या वेळेला परत हजर झाले. चोरी? छे, ओळखीतला बदली पार्ट! फोटोत धाकटेही मांडीवर जड पिशवी घेऊन बसले होते. जेवण बांधून घेतलं असेल, माणूस पहिल्यापासून हावरटच, असं थोरल्यांना वाटलं.

घरी येऊन कोटही न काढता त्यांनी ट्यूब बसवली आणि बटण दाबलं. साधा दिवाही लागेना. ट्रान्सफॉर्मरकडे बघतात तर तो काळा ठिक्कर, जळकट वासाचा, आणि त्याला धाकट्यांच्या हातची लाल चिकटपट्टी. आपल्या घराची जादा किल्ली कुणाकडे असते, हे त्यांना तेव्हा आठवलं.

"चोर!" ते ओरडले.

"कोण हो?" बायकोने आतून विचारलं.

थोरल्यांनी नुकत्याच बसवलेल्या ट्यूबकडे पाहिलं. "कोणी नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याची गाडी धाकट्यांचा पेटारा घेऊनच दारात आली. मागून धाकटे चालत आले होते, रात्रभर झोप नसल्यासारखे. दोघांनी मिळून थोरल्यांचा पेटारा उचलला आणि पहिल्याच्या शेजारी ठेवला. कोणी एक जण तोंड उघडता, तर त्यातला एक वाचला असता.  थोरल्यांच्या अगदी ओठांवर शब्द होता. धाकटे आपल्या चपलांकडे बघत होते.

"पार्टच मिळत नाहीत हो हल्ली," धाकटे म्हणाले.

"कुठून मिळणार?" थोरले म्हणाले. "माणसं जपून ठेवतात कुठे?"

गाडी निघाली.