दशांशानंतरचा आकडा

मिनोरीच्या वहीत निवत चाललेल्या पाण्याचं तापमान ७०.६ अंश होतं. तिच्याच गटातल्या समर्थच्या वहीत त्याच पाण्याचं, त्याच मिनिटाचं ७१. आमच्या तापमापीवर एका अंशाला एक रेघ आहे, मधे काही नाही. मग हे सहा दशांश आले कुठून?

पुढे ६७.७, ६५.१, ६२.७. आलेखावर आठही बिंदू एका गुळगुळीत वक्रावर. आठवीतल्या मुलांचे बिंदू असे बसत नाहीत.

मिनोरी जूनमध्ये जपानहून आमच्या रहाटणीच्या शाळेत आली. वडील चाकणच्या एका जपानी कंपनीत क्वालिटी विभागात. इंग्रजीत एक वाक्य जुळवायला तिला वेळ लागतो, आणि चाळीस मुलांच्या वर्गात तेवढा वेळ कोणाकडे नसतो. मी एकदाच विचारलं होतं, "नोंदी तुझ्याच का?" बऱ्याच वेळाने ती "हो" म्हणाली. त्या बऱ्याच वेळामुळेच माझा संशय पक्का झाला.

रचलेल्या नोंदींना प्रात्यक्षिकात शून्य आणि पालकांना पत्र, असा शाळेचा नियम. पत्र तीन आठवडे माझ्या ड्रॉवरमध्ये सहीविना पडून होतं. गुण भरायची शेवटची तारीख शनिवार.

"बाप क्वालिटीवाला हाय," प्रयोगशाळेतले ज्योतीराम म्हणाले. "घरी बसून आकडे गुळगुळीत करून देत असंल. परदेशी म्हणून सोडू नका मॅडम. आपल्या पोरांना सोडता व्हय?"

"सोडत नाही, म्हणून तर विचार करतेय."

"तीन आठवडे?"

शुक्रवारी मधल्या सुट्टीत मी तिला एकटीला बोलावलं. वही बाहेर ठेवायला लावली, कोरा कागद दिला. ज्योतीरामांनी गरम पाणी आणलं आणि कपाटाला टेकून उभे राहिले. मिनोरीने गुडघे वाकवले, डोळा पाऱ्याच्या पातळीला आणला, आणि श्वास रोखून लिहिलं : ५८.३.

"बघा," ज्योतीराम मराठीत म्हणाले. "तोंडावर थाप."

मलाही तसंच वाटलं. पत्राची घडी खिशात होती. पण माझ्यादेखत, वहीशिवाय, बापाशिवाय तिने हा आकडा लिहिला होता. तो आला कुठून, हे तिला कधी विचारलंच नव्हतं.

"हे तीन कुठे दिसले?"

मला पुढचा प्रश्न सुचला होता, तो मी गिळला. घड्याळात पाहिलं, चाळीस सेकंद गेले. मग तिने कागदावर दोन रेघा काढल्या, त्यांच्या मधली जागा पेन्सिलीच्या टोकाने हवेतच दहा भागांत तोडली आणि तिसऱ्या जागी थांबली.

"पारा इथे," ती इंग्रजीत सावकाश म्हणाली. "माझ्या आधीच्या शाळेत रेघांच्या मधलंही वाचायचं. शेवटचा आकडा डोळ्याचा अंदाज. तो लिहिला नाही तर गुण जातात." जरा थांबून म्हणाली, "तुम्ही मधलं का टाकून देता?"

एमएस्सीला आम्हीही असंच वाचत होतो. शाळेत आल्यावर पूर्ण आकडे तपासायला सोपे, म्हणून सुटलं. मी तिची वही आणून समर्थच्या वहीशेजारी ठेवली. ७०.६ ला ७१, ६७.७ ला ६८, ६५.१ ला ६५. आठपैकी एकही नोंद विसंगत नव्हती. हे ताडून पाहायला पाच मिनिटं लागली असती.

"अंदाजच ना शेवटी," ज्योतीराम पुटपुटले. त्यांचं समाधान झालं नव्हतं.

शनिवारी मुख्याध्यापिका प्राजक्ता मॅडमनी हात पुढे केला. "त्या जपानी मुलीचं पत्र द्या. आज तरी सही केलीत ना? की अजून शंका आहे?"

"सही करणार नाही," मी म्हणाले. "तिला पूर्ण गुण देतेय. आणि सोमवारी वर्गात सांगणार आहे, की तिच्या नोंदी खऱ्या होत्या आणि संशय मी घेतला होता."