बायकांच्या रांगेचा नवस

राजेश परबची कीव करायची की त्याच्या कानाखाली काढायची, हे एवढ्यात ठरवू नका. त्याचं त्यालाच इतकी वर्षं ठरवता आलेलं नाही.

लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर तो आणि त्याची आई मालन, दोघंच. वडील गिरणीतले, ते जाऊनही बरीच वर्षं झाली. राजेश परळच्या एका ऑफिसात हिशेब बघतो. खाली मान घालून जाणार, खाली मान घालून येणार. चाळीतल्या बायका आपल्या मुलांना सांगतात, राजेशदादासारखे व्हा. आणि हा देवमाणूस काय करायचा, तर गर्दी बघून शिरायचा आणि बाईच्या अंगाला अंग घासायचा. वर "सॉरी हां ताई" म्हणायचा. शी! पण होतं ते असं होतं, उगाच झाकून कशाला सांगा?

घरी आल्यावर तो मोरीत जाऊन डोक्यावर पाणी ओतत बसायचा. परत नाही करणार, आईची शपथ. चार दिवस जायचे की शपथ गेली तेल लावत.

मग दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरच्या फुलबाजारात एक बाई त्याच्या पुढे होती. गळ्यात ऑफिसचं कार्ड, दोन्ही हातांत झेंडूच्या पिशव्या. हात अडकलेले, ढकलणार कशी? ती ओरडली नाही. फक्त मागे वळून तिने त्याच्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. राजेश तिथून पळत सुटला, तो दसरा उलटताच थेट मानसोपचाराच्या डॉक्टरांच्या दारात.

डॉक्टर इरावती सामंत वयाने आईएवढ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तोंड वाकडं केलं नाही.

"माणसाच्या इच्छांचे नाना प्रकार असतात, परब," त्या म्हणाल्या. "कुणाला कपड्यांचं वेड, कुणाला चपलांचं. नुसतं चार लोकांपेक्षा वेगळं असणं म्हणजे आजार नव्हे. त्या इच्छेने माणसाचं जगणं मुश्किल केलं, किंवा समोरच्याच्या मर्जीविरुद्ध ती त्याच्यावर लादली, की मग तो आजार. कुणी लपून बघतो, कुणी उघडा होऊन दाखवतो, कुणी तुमच्यासारखा गर्दीत शिरतो."

"म्हणजे मी आजारी आहे ना, मॅडम?" राजेशला एकदम हायसं वाटलं.

"आहात. आणि त्या बाईचे गुन्हेगारही आहात. आजार आहे म्हणून गुन्हा माफ होत नाही. ही इच्छा तुम्ही मागून घेतलेली नाही, पण पाऊल तुमचंच असतं."

गोळ्या सुरू झाल्या. दर आठवड्याला बोलायला जायचं. गर्दी पूर्ण बंद, म्हणून हा बाबा ऑफिसला चालत जायला लागला, बाजारहाट सोडला. खरंच, त्यानंतर त्याने कुणाला बोट लावलं नाही. डॉक्टरांची एकच गोष्ट त्याच्याच्याने झाली नाही. घरातल्या एका माणसाला सांगा, त्या म्हणाल्या होत्या. घरात माणूस होतं एकच, आणि तिला हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

न सांगितल्याने जे व्हायचं तेच झालं. मालनला गोळ्या सापडल्या. मेडिकलवाल्याने सांगितलं, डोक्याच्या आहेत. पोराचं लग्न जमत नाही, त्याने मनाला लावून घेतलं, असं तिने धरलं आणि गल्लीतल्या गणपतीला नवस बोलून मोकळी झाली. 'माझ्या झिलाचं डोकं ठिकाणावर येऊ दे, बाप्पा, तो तुझ्या दारात बायकांची रांग सांभाळील.' राजेशच्या वडिलांनी मरेपर्यंत तीच सेवा केली होती. बायकांच्या रांगेवर मंडळ कुणालाही उभं करत नाही. स्वच्छ माणूस लागतो.

चतुर्थीला सकाळीच मंडळाचे दौलतकाका बिल्ला घेऊन वर आले. "तुझ्या बापाची जागा आहे ती, राजेश. बारापासून दोराशी उभं राहायचं. बायका नुसत्या तुटून पडतात रे, अंगाने अडवायला लागतं."

राजेश ताप आहे म्हणाला, तर आईने कपाळाला हात लावून बघितला. ऑफिस म्हणाला, तर काका हसायला लागले. "पुरुषांच्या रांगेत टाका मला. चपला सांभाळतो. भांडी घासतो, काका, पण हे नको!" त्याचा आवाज रडवेला झाला होता.

"लाजतोय," मालन म्हणाली. "येईल तो. मी पाठवते."

काका गेले. मालन मोदक वळायला बसली. खाली रांग लागायला लागली होती. राजेश खिडकीशी गेला आणि बायकांची ती दाटी बघून त्याचे पाय नकळत दाराकडे वळले. गोळ्या, आठवड्यांचं बोलणं, ते चालणं, सगळं त्या दोरापाशी पाण्यात जाणार, हे त्याला स्वच्छ दिसलं. तो मटकन आईशेजारी जमिनीवर बसला.

"आई, मला पाठवू नको. मी त्या बायकांना त्रास देईन."

"काहीतरीच काय बोलतोस मेल्या!"

मग त्याने सांगितलं. खाली बघत, अडखळत, पण सगळं सांगितलं. झेंडूच्या पिशव्यांपर्यंत सगळं.

मालनच्या हातातल्या पारीच्या कळ्या तशाच उघड्या राहिल्या. पिठाच्या हाताने तिने पदर ओढून खांद्याभोवती घट्ट घेतला आणि बसल्या जागी थोडी पलीकडे सरकली. आपली आई आपल्यापासून सरकली, हे राजेशने बघितलं. त्याला वाटलं, आता मेलो तर बरं.

"तू पोटात होतास," ती म्हणाली. "परळच्या बसस्टॉपवर एकाने असंच केलं माझ्याशी. पोटुशी बाई मी, ओरडले नाही, माझीच मला लाज वाटली. घरी येऊन रडले आणि त्याच्या आईला शिव्या घातल्या. कुठल्या रांडेने हा जन्माला घातला म्हणून. अजून घालते, कधी आठवलं की."

राजेश तोंड झाकून हमसाहमशी रडायला लागला.

"आता सांग," मालन म्हणाली, "ती शिवी मी कुणाला घालू?"

तिने हात धुतले, डोळ्यांना पाणी लावलं. मग बिल्ला उचलून आपल्याच पदरावर टोचला.

"नवस मी बोलले, मीच फेडते." दारात ती थांबली. वळली मात्र नाही. "आजची गोळी घेतलीस?"

"नाही."

"घे."

तिच्या चपला जिन्यावरून खाली गेल्या. राजेशने गोळी घेतली आणि अर्धवट मोदकांसमोर बसून राहिला. खिडकीशी जायची त्याची हिंमत नव्हती. ताशा मध्येच थांबला, तेव्हा दोराजवळून तिचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत आला. आयुष्यात कधी चढला नव्हता इतका तो चढलेला होता.

"बायांनो, कुणी अंगाला लागला तर गप्प राहू नका गो! ओरडा! कुणाचाही झील असू दे, ओरडा!"