नाणेघाटातला गोल

ह्यांचा फोन मी बंद केला नव्हता. बँकेचे निरोप त्यावर येत, म्हणून चार्जिंगला लावून ठेवला होता. पण बँकेपेक्षा त्यांचा ग्रुपच जास्त वाजायचा. 'अंकांचा इतिहास' असं त्याचं नाव. सांगलीपासून सिंगापूरपर्यंतची दोन-अडीचशे माणसं, बहुतेक एकमेकांना कधीही न भेटलेली. त्यामुळे माझे यजमान गोपाळकृष्ण गेले हे तिथे कुणाला कळण्याचं कारण नव्हतं.

ग्रुपवर ह्यांचा वाद चालला होता तो सुदर्शन पटवर्धन नावाच्या, खडकीला राहणाऱ्या निवृत्त प्राध्यापकांशी. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांचा शिलालेख आहे. कुणी किती गाई-घोडे दान दिले, ते त्यात आकड्यांनिशी कोरलंय. त्यातला एक गोल म्हणजे शून्य, असं हे म्हणत. आम्ही दर शनिवारी नारायण पेठेत, घरीच, मुलांना गणित शिकवायचो आणि जानेवारीत त्यांना नाणेघाटात न्यायचो. हे काठीने तो गोल दाखवायचे. मी मुलांना तो बोटाने हवेत काढायला लावायची.

पटवर्धनांचं म्हणणं, तिथे शून्य नाहीच. पुढे पुढे मुद्दा बाजूला पडला. "आपण मुलांना गणित शिकवता की दगडावरचे डाग दाखवता?" असं त्यांनी लिहिलं. ह्यांनी उत्तर दिलं, "रविवारी फोटो टाकतो. चष्मा पुसून ठेवा."

शुक्रवारी सकाळी हे अंघोळीला गेले आणि तिथेच पडले.

सोमवारी पटवर्धनांचा निरोप आला. "रविवार झाला. कोणता ते ठरलं नव्हतं वाटतं." खाली हसरे चेहरे. मौन म्हणजे मान्यता, असं आणखी कुणीतरी लिहिलं. मला राग यायला हवा होता. आला नाही. डाळ धुवायला घेतली होती, ती धुतली आणि कुकर लावला.

आमचा मुलगा आमोद म्हणाला, ग्रुपवर बातमी टाक, सगळे हात जोडतील आणि विषय संपेल. संपला असताच. गेलेल्या माणसाशी कोणी वाद घालत नाही. ह्यांचं शून्य तसंच राहिलं असतं आणि जानेवारीत मुलांनी पुन्हा ते हवेत काढलं असतं.

म्हणून आधी फोटो शोधला. गेल्या सहलीचा होता. पटवर्धनांनी ग्रुपवर टाकलेला जुन्या आकड्यांचा तक्ता कागदावर उतरवून घेतला आणि फोटो मोठा करून ताडून पाहिला. गोल स्पष्ट होता, पण एकटाच. त्याच्या आधी कुठलाच आकडा नव्हता. तक्त्यात तसला गोल म्हणजे वीस. शून्य गाई दान देऊन कोणी शिलालेख कोरत नाही, हे चौथीतलं मूलही सांगेल.

मी ह्यांच्याच नंबरवरून लिहिलं, "पटवर्धन, तुमचं बरोबर आहे. तो गोल वीसचा आहे, शून्य नाही." फोटोही टाकला.

लगेच उत्तर आलं. "उशिरा का होईना. चष्मा कुणाचा पुसायचा होता ते कळलं."

मग मी दुसरा निरोप लिहिला. मी त्यांची पत्नी, ते त्या शुक्रवारीच गेले, फोटो मी पाहिला. मग जोडलेले हात येत राहिले. त्यांत पटवर्धनांचे नव्हते.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. आधी माहीत असतं तर वाद सोडून दिला असता, असं ते दोनदा म्हणाले.

"सोडला असतात तर चूक तशीच राहिली असती," मी म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, "त्यांनी मान्य केलं असतं का हो?"

"नसतं केलं."

"हं," ते म्हणाले.

तेराव्यानंतरच्या शनिवारी मुलं आली. कुठे बसायचं ते त्यांना सांगावं लागलं नाही. मी फळ्यावर गोल काढला आणि सांगितलं, नाणेघाटातला हा गोल म्हणजे वीस. शून्य नव्हे. तिसरीतल्या संस्कृतीने हात वर केला.

"म्हणजे आजोबा चुकले?"

"हो."

"मग त्यांना सांगितलंत?"

"नाही. सांगायचं राहिलं."

तिने मान डोलावली आणि वहीत गोलाखाली वीस लिहिलं. मी पुढचं उदाहरण घातलं.