ढब्बूचे दात

थोरली जाऊ घरी शिवणकाम करायची, धाकटी ब्यूटी पार्लरमध्ये कामाला जायची. दोघींत भांडण असं नव्हतं, पण सूतही जुळलेलं नव्हतं. धाकटीनं हौसेनं पांढरा ससा आणला, तेव्हा थोरली एवढंच म्हणाली, "माझ्या कापडांपासून लांब ठेव म्हणजे झालं."

नावाप्रमाणे गुबगुबीत असलेला ढब्बू हळूहळू रोडावू लागला. गाजर दिसलं की धावत यायचा, तोंडात धरू पाहायचा आणि सोडून द्यायचा. हनुवटी सारखी लाळेनं ओली. एका सुट्टीच्या दिवशी धाकटीनं त्याचा ओठ वर करून पाहिला. खालचे दात वाढून पुढे आले होते आणि वरचे आत वळून टाळूला टेकायच्या बेतात होते.

"कापते थोडे. नखं कापायचं तर माझं रोजचंच काम," असं म्हणून तिनं नेलकटर लावला.

कट्‌कन आवाज झाला आणि दात उभा चिरला. हिरडीतून रक्त आलं. ढब्बू उसळी मारून शिलाई मशीनखाली जाऊन बसला. धाकटीला रडूच फुटलं.

थोरलीला बोलून घ्यायची आयती संधी होती. पण तिनं वाकून ससा ओढून घेतला, अस्तराच्या तुकड्यात गुंडाळला आणि म्हणाली, "डोळे पूस. चपला घाल. चल."

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी ढब्बूचं तोंड तपासलं, एक्स-रे काढला.

"नेलकटर पुन्हा लावू नका, दात मुळापर्यंत चिरतो," त्या म्हणाल्या. "सशाचे दात जन्मभर वाढतात. वरचे-खालचे एकमेकांवर घासून झिजतात. याचा जबडाच मुळात असा आहे, की पुढच्या दातांची गाठच पडत नाही."

"एका घरात राहून गाठ नाही," थोरली म्हणाली. "आमच्या घरचीच हवा लागली म्हणायची."

रडता रडता धाकटीला हसू आलं.

डॉक्टरीणबाईंनी दोन वाटा सांगितल्या. दर महिन्या-दीड महिन्यानं मशीननं दात घासून घ्यायचे, नाहीतर भूल देऊन पुढचे सगळे दात काढून टाकायचे.

"काढल्यावर खाईल कशानं?" धाकटीनं घाबरून विचारलं.

"दळायचं काम दाढांचं, आणि त्या ठणठणीत आहेत. पुढचे दात नुसते तोडायला. तेवढं तुम्ही करायचं. गवत, भाजी बारीक चिरून, रोज."

"मी दिवसभर पार्लरमध्ये असते..." धाकटी म्हणाली.

"मी घरीच असते," थोरली म्हणाली.

"पण वहिनी, तुम्हाला तर तो आवडत नाही."

"असं कधी म्हटलं मी? कापडांपासून लांब ठेव म्हटलं."

ऑपरेशन नीट पार पडलं. घरी आल्यावर मात्र ढब्बू कोपऱ्यात पाठ करून बसला. थोरलीनं त्याला मांडीवर धरायचं आणि धाकटीनं सुई नसलेल्या सिरिंजनं पातळ खाणं भरवायचं, असं चाललं. "घट्ट धरा हो!" "तू हळू सोड, ठसकेल तो!" अशी जुंपायची, पण ढब्बूच्या पोटात चार घोट जायचे.

एके दिवशी सकाळी थोरलीनं गवत बारीक कातरून ताटलीत ठेवलं. त्यानं हुंगलं आणि मान फिरवली. धाकटी जड पावलांनी कामाला गेली.

दुपारी एका गिऱ्हाइकाच्या भुवया कोरताना तिचा फोन वाजला. थोरलीचा होता, आणि ती कधी फोन करत नसे. धाकटीनं हातातला दोरा टाकून फोन उचलला.

"वहिनी? काय झालं?"

फोनमधून नुसता कुरुकुरु आवाज, थांबून थांबून येणारा.

"ऐकलंस?" थोरली कुजबुजली. "ओठांनी उचलतोय लबाड. अर्धी ताटली साफ केली."

धाकटीनं फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"आणि येताना कोथिंबीर आण. कोवळी बघून घे, तुला त्यातलं काही कळत नाही."