धूर कुठे जातो

अनुपमाने पेटती उदबत्ती कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या तोंडाशी धरली आणि श्वास रोखून बघत राहिली. धूर आत जायला हवा होता. काचेमागे तीन पंखे गुलाबी-निळा उजेड पाडत गरागरा फिरत होते, आवाज तर पिठाच्या गिरणीसारखा. पण धुराची रेघ काचेला टेकली, जराशी घुटमळली आणि सरळ छताकडे निघून गेली.

"शाबास," ती पंख्यांना म्हणाली. "फिरा. नुसतेच फिरा."

कॉम्प्युटरचे सुटे भाग तपासून त्यांच्यावर लिहिणं हे तिचं काम. पवईतल्या एका वेबसाइटसाठी ती घरून ते करायची. या खेपेला आलेलं कॅबिनेट बाजारातल्या सगळ्यांत स्वस्तांपैकी होतं. कंपनीने त्याला एका वादळाचं नाव दिलं होतं आणि खोक्यावर बर्फाचे डोंगर छापले होते. प्रत्यक्षात पुढून सलग काच आणि हवा आत यायला कडेला बोटभर फट. अशा खोक्यात ज्या पोराने महिनोन् महिने हट्ट करून मिळवलेला कॉम्प्युटर बसवला, त्याची उन्हाळ्यात वाट लागणार हे तिला दिसत होतं. पण दिसून भागत नाही, सिद्ध करावं लागतं. त्यासाठी खोलीतली हवा स्थिर हवी. म्हणून खिडक्या बंद, डोक्यावरचा पंखा बंद, आणि कांजूरच्या त्या हॉलमध्ये दुपारपासून ती घामाने निथळत बसलेली. ओढणी केव्हाच खुर्चीच्या पाठीवर गेली होती.

मागे कडी वाजली. गार झुळूक मानेवर आली आणि पडद्यावरचे तापमानाचे आकडे भराभर उतरायला लागले.

"बाबा!"

तिचे सासरे दत्ताराम खिडकीचं तावदान हातात धरून उभे होते. "हवा खेळती हवी गं. कोंडल्यासारखं होतं."

"अहो, दुपारपासून तिसऱ्यांदा सांगतेय. माझं सगळं पहिल्यापासून करावं लागतं. आणि बाहेर बघा, डंपिंगच्या कचऱ्याचा वास सुटलाय."

"मला तर काही वास येत नाही."

झुळुकीबरोबर तो वास खरंच आत शिरला होता, कुजका, आंबूस, जिभेवर बसणारा. अनुपमाने नाकाला हात लावून खिडकी ओढून घेतली. सोसायटीच्या ग्रुपवर रोज संध्याकाळी याच वासावरून बोंबाबोंब असायची. एकेकाळी त्यात दत्ताराम सगळ्यांत पुढे होते. डंपिंगविरुद्धच्या अर्जावर सह्या गोळा करत ते जिने चढले-उतरले होते. आता कोणी विषय काढला की म्हणत, 'उगाच बाऊ करतात लोक.' म्हातारपणी माणूस उलटा फिरतो म्हणतात, तसं काहीतरी, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

तिने पुन्हा सुरुवात केली. दर वेळी ती तोच प्रोसेसर, तेच ग्राफिक्स कार्ड वापरायची. त्यांना जड काम द्यायचं आणि किती तापतात ते बघत बसायचं. दत्ताराम खुर्ची ओढून शेजारी बसले. पेपर उघडला, मिटला.

"दुपारच्या बांगड्यात तिरफळं नव्हती काय?"

"होती की. गावाहून आलेलीच घातली."

"असतील. कळली नाहीत." त्यांनी पेपर पुन्हा उघडला. "पद्मजा करायची त्याला काही चव असायची."

अनुपमा कळफलकावर बोटं ठेवून तशीच थांबली. सासूबाई गेल्यापासून हे असंच चाललं होतं. सोलकढी फिकी, आमटी पाणचट, चहात आलं घातलंस की नाही. पहिल्या वर्षी तिने शिकून घ्यायचा प्रयत्न केला, फोनवर मावससासूबाईंना विचारून विचारून. दुसऱ्या वर्षी ती चिडली. आता ती फक्त ताटं उचलायची. नवऱ्याला, सर्वेशला, सांगितलं तर तो म्हणायचा, "जाऊ दे ना, आईची आठवण येते त्यांना." सर्वेशला असं म्हणायला काय, तो सकाळी डबा घेऊन जातो तो दिवेलागणीला परत येतो. शिवाय डब्यातलं जेवण त्याला आवडतं.

तिने पुढची काच काढून टेबलावर ठेवली. पाच मिनिटांत खोक्याने सुटकेचा निःश्वास टाकल्यासारखे आकडे खाली आले. पुन्हा काच लावली, पुन्हा भट्टी. म्हणजे गुन्हेगार सापडला होता. तेवढ्यात फोन वाजला. वेबसाइटचा संपादक सम्यक होता.

"झालं का गं?"

"होतंय. बेकार आहे. पुढच्या काचेने गळा दाबलाय."

"अगं पण त्यांची जाहिरात आहे आपल्याकडे या महिन्यात. दिसायला झकास, असं लिही ना काहीतरी."

"दिसायला झकास आहेच. आत शेगडी आहे."

"काच काढल्यावरचे आकडे वर टाक, मोठे करून."

"लोक काच काढून वापरणार आहेत का, सम्यक?"

"यार, तू पण ना... संध्याकाळपर्यंत दे काहीतरी."

तिने फोन टेबलावर पालथा ठेवला. जरा जोरातच. दत्तारामांनी पेपरवरून बघितलं. उदबत्तीचं शेवटचं बोट जळून ताटलीत राखेची अळी पडली होती.

शेवटची आणि सगळ्यांत मोठी टेस्ट राहिली होती. काच लावून, दिवे पंखे सगळं पूर्ण जोरात सोडून, तासभर. तिने ती सुरू केली.

"बाबा, मी आत भाताचं बघते. खिडकी उघडायची नाही, पंखा लावायचा नाही. नुसतं बसा."

"बसलेलाच आहे. आणखी काय करतो मी दिवसभर?"

ती स्वयंपाकघरात गेली. तांदूळ धुतले, कुकर चढवला, कांदा चिरायला घेतला. सम्यकला पाठवायच्या लेखाचं पहिलं वाक्य मनात जुळवत होती, आणि ते जितकं जुळत होतं तितकं जास्त कडवट होत होतं. मग तिचा हात थांबला. घशात काहीतरी रुतलं. तिने आधी गॅसकडे पाहिलं, मग कुकरचं झाकण. तिथे काही नव्हतं. कडू, तिखट, डोळ्यांना झोंबणारा वास होता, प्लास्टिकचा, आणि तो हॉलमधून येत होता.

ती धावली.

कॅबिनेटच्या मागच्या बाजूने काळसर धुराचा धागा निघत होता. अख्ख्या खोलीत वास असा भरला होता की दारातच तिला खोकला आला. आणि त्या खोक्याला गुडघा टेकेल इतक्या जवळ, पेपर मांडीवर पसरून, दत्ताराम शब्दकोडं सोडवत बसले होते.

तिने भिंतीवरचं बटण बंद केलं, वायर उपटली, त्यांच्या खांद्याला धरून मागे सारलं आणि स्वतःच्या हाताने दोन्ही खिडक्या सताड उघडल्या.

"काय झाला गो?" दत्ताराम धडपडत उठले. घाबरले की त्यांच्या तोंडात मालवणी यायची.

कॅबिनेटची बाजूची झडप काढून तिने आत बघितलं. पंख्यांना आणि दिव्यांना वीज देणारा छोटासा जोड वितळून काळा पडला होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर आग लागली असती.

"वास नाही आला तुम्हाला?" ती ओरडलीच. "इतक्या जवळ बसून?"

"आला ना. उदबत्तीचा."

उदबत्ती केव्हाच विझली होती.

दिवसभराचं सगळं तिच्या जिभेवर येऊन उभं होतं. खिडकी, तिरफळं, सम्यक, हा भंगार डबा. तिने तोंड उघडलंही. पण दत्ताराम मान वर करून हवा हुंगत होते. भुवया आखडलेल्या, नाकपुड्या फुललेल्या. अंधारात भिंतीवरचं बटण शोधताना माणसाचा चेहरा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता.

तिने तो वितळलेला जोड चिमट्याने तोडून काढला आणि त्यांच्यासमोर धरला.

"कसला वास येतोय याला?"

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "प्लास्टिक जळल्याचा."

"डोळे मिटून सांगा, बाबा."

दत्तारामांनी डोळे मिटले नाहीत. पेपरची घडी घातली, तिच्यावरून हात फिरवला, पुन्हा हात फिरवला.

"पुरे गं," ते म्हणाले.

गेल्या महिन्यात नासलेल्या दुधाचा चहा त्यांनी मुकाट्याने पिऊन टाकला होता. ओतून द्यायला म्हणून तिने ते पातेलं बाजूला ठेवलं होतं, आणि यांनी स्वतःच चहा करून घेतला होता. दोन दिवस पोट बिघडलं. तिला वाटलं होतं, आपल्याला दाखवायला प्यायले. सर्वेशशी ती त्यावरून भांडलीही होती.

ती त्यांच्या समोरच्या मोड्यावर बसली. "कधीपासून?"

"त्या तापात."

त्या तापात दोघंही पडले होते, सासूबाई आणि ते, एकाच आठवड्यात. सासूबाईंना दवाखान्यात न्यावं लागलं. त्या परत आल्या नाहीत.

"डॉक्टरांनी विचारलं होतं की तुम्हाला. वास येतो का, चव लागते का. तुम्ही म्हणालात आली परत."

"मला वाटलं येईल." ते खिडकीबाहेर बघत होते. "सगळ्यांची आली. वरच्या मजल्यावरच्या भाऊरावांची आली."

"पण मग नंतर तरी सांगायचं. मला नाही, निदान सर्वेशला."

"काय सांगू? ती गेली. पोरगं रात्र रात्र जागं. आणि मी काय नाकाचं रडगाणं लावू?" त्यांचा आवाज चढला, मग एकदम बसला. "आधी वाटायचं, तुझ्याच हाताला चव नाही. खरंच वाटायचं. मग एकदा बाहेर खाल्लं, तेही तसंच. मग कळलं. पण तोवर तुला बोलून बोलून सवय लागली होती मला."

अनुपमाला हसूही आलं आणि रडूही. दोन्हीतलं काही तिने वर येऊ दिलं नाही. आत कुकरची शिट्टी झाली. टेबलावरचा फोन थरथरत कडेपर्यंत सरकला. तिने तो वाजू दिला.

"औषधं असतात यावर," ती म्हणाली. "नाकाचा व्यायाम असतो म्हणे. रोज लवंग, लिंबू, असं हुंगायचं. मुलुंडला आहेत एक डॉक्टर, आपण जाऊ."

"इतक्या दिवसांनी?"

"जाऊन तर बघू."

त्यांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. मग उठून आतल्या खोलीत गेले. लोखंडी कपाटाचं दार करकरलं. बराच वेळ काहीतरी काढल्या-ठेवल्याचे आवाज येत राहिले.

"अनुपमा, जरा ये गं इकडे."

ती उठली. दारापर्यंत गेली आणि काय वाटलं कोण जाणे, परत फिरून तिने मोरीत हात साबणाने स्वच्छ धुतले, जळक्या प्लास्टिकचा वास जाईपर्यंत. मग आत गेली.

दत्ताराम कॉटवर बसले होते. मांडीवर एक प्लास्टिकची पिशवी, तोंडाला रबर बांधलेली. ते रबर सोडवताना त्यांची बोटं अडखळत होती, पण ती मदतीला पुढे झाली नाही. पिशवीतून त्यांनी एक सुती साडी काढली. घडी घातलेली नव्हती, नुसती गोळा करून ठेवलेली. राखाडी, बारीक हिरव्या काठांची. ही साडी अनुपमाने पाहिली होती. अँब्युलन्स आली त्याच्या आदल्या दिवशी सासूबाई हीच नेसल्या होत्या.

"गाऊनवरच गेली ती," दत्ताराम म्हणाले. "ही दारामागे टांगलेली राहिली. धुवायला टाकली नाही मी. डांबरगोळ्याही नाही घातल्या, वास मरतो त्याने."

त्यांनी साडी तिच्यापुढे केली.

"मला काही कळत नाही. अजून आहे का बघ."

अनुपमाने साडी दोन्ही हातांत घेतली आणि चेहरा तिच्यात बुडवला. आधी पिशवीचा वास आला. मग जुन्या कपड्याचा, बंद कपाटाचा. तिने डोळे मिटून पुन्हा श्वास ओढला, सावकाश. त्या सगळ्याच्या खाली आणखी काही होतं की नव्हतं, ते तिला ठरवता येईना.

तिने मान वर केली. दत्ताराम साडीकडे नाही, तिच्या तोंडाकडे बघत होते.

"येतोय," ती म्हणाली.

"कसला गं?"

ती त्यांच्या शेजारी कॉटच्या कडेला बसली. "खोबरेलाचा," ती म्हणाली. थोडं थांबली. "आणि... हळदीचा वाटतो जरासा."

दत्तारामांनी नकारार्थी मान हलवली. डोळे मिटलेले होते.

"हळद नाही. वेखंड असेल. कपड्यांत वेखंडाचे तुकडे ठेवायची ती. आमच्या गावची सवय."

"हो," अनुपमा म्हणाली. "वेखंडच." आणि तिने साडी पुन्हा नाकाशी नेली.